आमी घरातच होतो

लाइट गेलीच हाय, तर ते मोबाइल जरा खाली ठेवा रे. दामिनी, तू पण. मघाशी विचारत होतीस ना गो, मोबाइलवर भेटलेला माणूस खरा हाय ते कसं ओळखायचं? मग ऐक. माझ्या साडूच्या पोराच्या बाबतीत घडलेलं हाय, आपल्या शेणव्यातल्या हरेशच्या. त्यानंच मला सांगितलं.

गेल्या वर्षी भातं झोडून झाली होती. हरेशची चुलत बहीण सरिता, आसनगावला कंपनीत जाते. लग्नाच्या ॲपवर तिची एका पोराशी ओळख झाली. आदेश नाव. वैशाखऱ्याच्या पुढं पाड्यावर घर, घरात एकटी आई. चार महिने रोज बोलणं. पण व्हिडिओ कॉल कर बोललं की तो बोलायचा, "घाटाखाली रेंज नाय." सरिताच्या मैत्रिणीला एकानं दुसऱ्याचाच फोटो दाखवून फसवलेलं. म्हणून ती हरेशला बोलली, "दादा, रविवारी जाऊन ये. तू येशील ते मी त्याला सांगून ठेवलंय. घर हाय का, माणूस हाय का, डोळ्यांनी बघ. तू हो बोललास तरच मी घरात विषय काढीन."

हरेश सकाळीच बाइक घेऊन निघाला. सरळगावला मैदानात क्रिकेटच्या मॅची चालल्या होत्या. ओळखीचे भेटले. एक मॅच बघू म्हणून थांबला आणि दिवस तिथंच गेला. संध्याकाळी घरी आला तर सरिता दारात उभी.

"भेटला?"

गेलोच नाय, हे कसं सांगणार? आणि हो बोललो, उद्या काय वाकडं झालं, तर आपल्या गळ्यात. त्यापेक्षा नाय बोललेलं बरं.

"असा कोण माणूसच नाय तिथं. फसवतोय तुला."

'दादा येऊन गेला, तिथं तू नायसच,' एवढं लिहून सरितानं रात्री नंबर ब्लॉक केला. त्या पोरानं दुसऱ्या नंबरांवरून फोन केले, तिनं उचलले नाय. शेवटी मेसेज आला, 'मी खरा आहे. उद्या तुमच्या घरी येतो. तुम्हीच बघा.'

कोण आलं नाय. दोन दिवसांनी हरेशच्या क्रिकेटच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचा फोटो पडला. आदेश. वैशाखरे. किन्हवलीच्या रस्त्याला टेम्पोनं उडवलं होतं... इकडंच येत होता.

हरेशनं फोटो पुसून टाकला. कोणाला बोलला नाय. सरिता कामाला निघाली की हा मागच्या दारानं बाहेर.

सात डिसेंबर, रविवार. सरळगावला बहिणीकडं तांदूळ पोचवून हरेश परत येत होता. पावणेआठ वाजलेले. थंडी. रस्त्याला कुत्रं नाय. किन्हवलीच्या अलीकडं एकानं हात केला. तोंडाला मफलर.

"शेणव्याला सोडता?"

उत्तर द्यायच्या आत तो मागं बसला. गाडी जरा पण दबली नाय.

"कोणाकडं?" हरेशनं विचारलं.

"हरेश म्हणून हाय. एकच विचारायचंय त्याला."

"...काय?"

"तो आमच्या घरी येऊन गेला बोलतात. आमी घरातच होतो. आई पण होती. मग दिसलो कसे नाय?"

गाडी बंद पडली.

काळोख.

मागून आवाज. हळू. राग नाय त्यात.

"दादा, बघा ना. मी हाय का?"

...

"नुसतं बघा."

वळायचं. एकदा बघायचं. बास, तेवढंच. मान वळेना. हरेशनं डोळे मिटले.

मागं एक उसासा...

मग काय नाय.

समोरून जीप आली. ड्रायव्हर बोलला, "एकटाच का थांबलास रे काळोखात?"

घरी जाऊन हरेशनं सरितासमोर सगळं ओकलं. मॅच, खोटं, श्रद्धांजली, आताचं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी एवढंच बोलली, "तोच होता? बघितलास?"

"नाय गो. आज पण नाय बघितला."

दुसऱ्या दिवशी दोघं वैशाखऱ्याला गेली. पाड्यावरचं घर रस्त्यावरूनच दिसत होतं. आदेशच्या आईनं, भागीरथीबाईनं, पाणी दिलं. हरेशनं पाय धरून तिला खरं सांगितलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती बोलली, "त्या रविवारी नवा शर्ट घालून ओटीवर बसलेला. मला बघायला येणार हायत बोलला. काळोख पडला तरी उठेना."

मग तिनं उजवीकडं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. "तो बघा माझा आदेश."

सरितानं बघितलं. तोच चेहरा, तिच्या मोबाइलवरचा. तिनं ओढणी तोंडात धरली. हरेश बघायला गेला...

मान वळेना.

पाच महिने झाले आता. शहापूरच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला. हाड चांगलं, शीर चांगली, काय झालेलं नाय बोलला. परवा किन्हवलीच्या बाजारात मी त्याला मागून हाक मारली.

अख्खा माणूस वळला रे. मान जाग्यावर.