उशाकडची फळी

मुन्ना, शटर अर्धं ओढ. लाइट येईस्तोवर सांगतो. गोष्ट आपल्या बाळापुरातलीच. ज्याच्यावर गुदरली तो चाँद पाशा, फर्निचर पॉलिशवाला, कैक वर्षं माझ्याच दुकानातून पॉलिश पेपर नेतो.

मागच्या साली तुळशीचं लग्न झाल्यावरची अमावस्या. पुसेगावच्या भागवतनं त्याच्या शेडमध्ये सागवानी पलंग आणून टाकला. वर काळाकुट्ट रंग, जाड. भागवतची बायको द्वारका माहेरी म्हणून निघाली अन् बेपत्ता झाली, असं त्यानंच गावाला सांगितलेलं. आता दुसरं लग्न.

"उद्या नवरी येऊन राहिली. रातीच घासून, पॉलिश करून दे," म्हणाला अन् तिथंच बाजेवर आडवा झाला.

चाँद पाशा घासू लागला. उशाकडच्या फळीचा रंग उतरला, तशी खालची लांबी, चिरा बुजवायचा लेप, गळून पडली. आत घाव. कुऱ्हाडीचे. डोकं टेकतं, बराबर तिथंच.

कारागिराची रीत अशी, की त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून चीर भरायची. रंगाला रंग मिळतो. त्यानं एक घाव भरला. हात काढला... तळहातावर तेवढीच चीर. वाटीतला भुसा लाल झालेला.

"मालक, हे घाव कशाचे?"

"तुला काहून पाहिजे?" भागवतनं उठून त्याच्या कानफटात हाणली, वाटी हिसकली. "व्हय बाजूला. मी भरतो."

"मग, काका?"

ऐक ना.

भागवतनं पुढचा घाव भरला. फळीवरचा घाव मिटला... अन् भागवतचा खांदा फाटला. सदरा रक्तानं भिजला.

"सोडा मालक, सोडा."

त्यालाही सोडायचं होतं. हात ऐकेना. बोटं वाटीत जायची, चिरेत जायची. पुढचा घाव. मान उघडली. चाँद पाशानं कंबर धरून ओढलं. हलेना. कुणीतरी भागवतचं मनगट धरलं होतं. काकणं वाजत होती. शेडमध्ये बाई नव्हती...

शेवटचा घाव फळीच्या मधोमध होता.

"द्वारके..." भागवत एवढंच बोलला.

मग... कवटी फुटल्याचा आवाज.

सकाळी पोलिस आले. कुऱ्हाड कुठंच नाही. फळीवर मी स्वतः हात फिरवला. आरशासारखी गुळगुळीत. एक चीर नाही.

"चाँदचाचानंच मारलं असंल, काका."

पोलिसांनाही तसंच वाटलं होतं. मग दवाखान्यात त्याच्या हाताची पट्टी सोडली. पुढं कुणी काही विचारलं नाही. पहिला घाव त्यानं भरला होता ना, तो हात अजून भरला नाही. रक्त येत नाही त्यातून. भुसा गळतो, सागवानाचा.

आज दुपारी तो इथंच बसला होता, काउंटरवर हात टेकून. मुन्ना, टॉर्च मार जरा तिकडं...

त्या भुशाला हात नको लावू. ओला आहे.