कंट्रोल, हा सराव नाही!

वादळाचे दिवस तोंडावर आले होते, आणि त्याआधी शिखरावर रिपीटर बसवायचाच, असा त्या मंडळींनी चंग बांधला होता. रिपीटर म्हणजे पेटीएवढा एक डबा. अलीकडच्या गावाचा आवाज पकडायचा आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्यात पोहोचवायचा, एवढंच त्याचं काम. पण मागच्या वादळात टेलिफोनचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले आणि खोऱ्यातली माणसं मदतीसाठी टाहो फोडत राहिली. ऐकणारं कोणी नव्हतं! तेव्हापासून गावातल्या या हौशी रेडिओवाल्यांच्या जिवाला घोर लागला होता. पदरमोड करून, सुट्ट्या घालवून त्यांनी तो डबा तयार केला होता.

डबा घेऊन तिघं निघाले. पुढे भाऊजी. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, उंचीची भीती कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून डबा त्यांच्याच पाठीवर. मध्ये त्यांची वहिनी. तिचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि सगळा गट तिला वहिनीच म्हणायचा. मागून धापा टाकत, प्रत्येक वळणावर 'आलं का शिखर?' विचारत बेकरीवाले काका. आणि खाली गावात, घड्याळांच्या दुकानावरच्या माळ्यावर, कंट्रोलच्या, म्हणजे सगळ्यांचे निरोप घेणाऱ्या मुख्य केंद्राच्या खुर्चीत वहिनीचा नवरा बसला होता. भाऊजींचा थोरला भाऊ. धंद्याने घड्याळजी आणि नियमाला इतका पक्का की घरात मीठसुद्धा विचारून सांडावं!

या चढाईतच वादळाचा सराव उरकायचा ठरलं होतं. फोन बंद पडलेत असं समजायचं, सगळं रेडिओवर बोलायचं, आणि प्रत्येक निरोपाच्या आधी नि नंतर 'सराव, सराव' म्हणायचं. नियम उगाच नव्हता. मागच्या सरावात काकांना जखमी माणसाचं सोंग दिलं होतं. त्यांनी "अहो, खरंच पडलोय हो, खरंच!" असा काही गळा काढला की कोणीतरी घाबरून अग्निशमन दलाला बोलावलं. बंब घंटा वाजवत आला, तर काका पायरीवर बसून बिस्किटं खात होते! दलाच्या अधिकाऱ्याने सगळ्यांची बिनपाण्याने केली. त्या दिवसापासून घड्याळजीने कायदाच करून टाकला: कंट्रोल 'सराव संपला' म्हणेपर्यंत सराव तो सरावच, कोणी कितीही रडो. आजही दुपारी काकांनीच जखमी व्हायचं, हे त्याने आधीच लावून दिलं होतं.

सकाळभर सगळं झकास चाललं. रानातून वाट काढत, ओढा ओलांडत, मोकळ्या जागी थांबून वहिनी निरोप पाठवत होती. सराव, सराव, ओढा ओलांडला, सराव, सराव. दुपार झाली तशी पश्चिमेकडे ढग जमू लागले आणि वारा अंगाला झोंबायला लागला. शिखर अगदी हाताशी दिसत होतं. मध्ये फक्त एक अरुंद कडा होता, एका वेळी एकानेच जावं असा. भाऊजी पुढे झाले.

"वहिनी, इथे जरा जपून हं," ते मागे वळून म्हणाले.

आणि त्यांच्याच पायाखालचा दगड निसटला!

किंकाळी नाही, काही नाही. नुसता घरंगळण्याचा आवाज. वहिनी पोटावर पडून पुढे सरकली आणि तिने खाली पाहिलं. भाऊजी खालच्या एका सपाट दगडावर वेडेवाकडे पडले होते. डबा पाठीवरून सुटून आणखी खाली एका झुडपात अडकला होता. ती आणि काका दोर बांधून कसेबसे उतरले. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि रक्त! त्या रक्ताला खळच नव्हता.

काकांनी सदरा काढला, घडी केली आणि दोन्ही हातांनी जखमेवर सगळा भार टाकला. एरवी चढताना रडणारा माणूस, पण आता त्यांचे हात हलेनात.

"मी दाबून धरतो. माझ्या या वजनाचा आज तरी उपयोग होऊ दे. तू वर जा. इथून रेडिओच्या सेटवरून गावात काही ऐकू जायचं नाही. जा, पोरी, बघत काय बसलीस!"

ती निघाली. हात सोलवटले, गुडघे फुटले. शिखरावर वारा उभं राहू देईना, म्हणून ती एका खडकाला पाठ टेकून बसली आणि बटण दाबलं.

"सराव, सराव. कंट्रोल, एक जण जखमी आहे, मदत पाठवा..."

बोलून गेली आणि मग आपण 'सराव' म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं. सकाळपासून वळण पडलेली जीभ! तिने स्वतःलाच शिव्या घातल्या.

"सराव, सराव," नवऱ्याचा आवाज आला, शांत आणि खूश. "निरोप मिळाला. अगदी वेळेवर. जखम कुठे आहे ते कळवा. सराव, सराव."

"कंट्रोल, हा सराव नाही! भाऊजी कड्यावरून पडलेत! मांडी मोडलीय, रक्त थांबत नाहीये!"

पलीकडून पुन्हा तोच शांत आवाज आला.

"निरोपाला 'सराव' लावलेलं नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवा. आणि ठरल्याप्रमाणे जखमी काका आहेत. सराव, सराव."

"अहो! अहो, ऐका ना माझं! तुमचा भाऊ मरतोय हो!"

"रेडिओवर घरचं बोलणं नको. सोंग मात्र काकांपेक्षा छान वठवताय. सराव, सराव."

सेट खाली फेकून द्यावा असं तिला वाटलं. नवऱ्याचा इतका राग तिला लग्नानंतर कधी आला नव्हता. ती पुन्हा ओरडली, विनवण्या केल्या, वाट्टेल ते बोलली, आणि दर वेळी तेच थंड उत्तर आलं. मग सेटवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी संपत आली होती. जास्तीची बॅटरी डब्याच्या पिशवीत, म्हणजे खाली झुडपात! ती हुंदके देऊन रडली. खाली एक माणूस थेंबाथेंबाने संपत होता आणि तिचं खरं कोणाला खरं वाटत नव्हतं.

गटाचा चॅनल सरावात सोडायचा नाही, हा आणखी एक कायदा. खड्ड्यात गेला तो कायदा! तिने खटका फिरवला आणि ज्या चॅनलवर कोणीही, कुठूनही हाक मारतं तिथे गेली.

"कोणी ऐकतंय का? जीव वाचवायचाय. कोणीतरी बोला!"

काही नाही. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. आणि मग खरखरीतून एक म्हातारा, किनरा आवाज आला.

"ऐकतेय गं बाई. आधी रडणं थांबव. कुठे आहेस आणि काय झालंय, तेवढंच सांग."

कुठल्याशा दूरच्या शहरातली कोणी आजी होती. हिच्या सरावाशी तिचा काडीचा संबंध नव्हता, म्हणून तर तिने ऐकल्याबरोबर विश्वास ठेवला. ठिकाण विचारून घेऊन आजी गावच्या अग्निशमन दलाला फोन करायला गेली. वहिनी डोळे मिटून बसून राहिली. आजी परत आली ती चिडूनच.

"अगं, ते म्हणतात तुमचा सराव आहे! तुमच्या कंट्रोलनेच सकाळी कळवून ठेवलंय, ते 'संपला' म्हटल्याशिवाय आम्ही हलणार नाही म्हणतात. आणि त्या तुमच्या कंट्रोलचा फोन बंद."

बंदच असणार. फोन मेलेत असं समजायचं होतं ना! वहिनीला हसावं की कपाळ फोडून घ्यावं कळेना. मग तिला एकदम सुचलं.

"आजी, माझ्या सासूबाईंना लावा! दुकानाच्या मागेच राहतात त्या. त्यांना ऐकू कमी येतं, मोठ्याने बोला!"

तिने नंबर सांगितला, आजीने परत म्हणून दाखवला.

"आता सेट बंद कर, बॅटरी वाचव. त्या माउलीला मी बरोबर ऐकवते."

तिने सेट बंद केला. मनातल्या मनात ती सासूबाईंबरोबर चालत होती. आता फोन उचलला असेल, आता चपला शोधत असतील, आता जिना, गुडघे दुखतात त्यांचे. देवा, आज एवढा जिना चढू दे त्यांना! धीर सुटला तेव्हा तिने सेट लावून गटाचा चॅनल धरला. नवऱ्याचं बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण माळ्यावरचा आवाज थेट डोंगरावर येत होता.

"बंद कर तुझं ते सराव-बिराव! माझं पोर कड्यावरून पडलंय आणि तू इथे पोपटासारखा बोलतोयस? ती बिचारी रडून सांगतेय तरी तुला कळेना?"

काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग तो बोलला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"सर्व केंद्रांना कळवतो... सराव संपला. सराव संपला." आणि लगेच, कायदा-बियदा विसरून, "बोल गं, बोल! कुठे आहे तो?"

"शिखराच्या अलीकडचा अरुंद कडा! त्याच्या खाली! लवकर या हो, लवकर..."

दिवा विझला. सेट मेला.

ती खाली उतरली तेव्हा काकांचे ओठ निळे पडले होते, पण हात जागचे हलले नव्हते. भाऊजी गार लागत होते. ते झोपायला बघत होते आणि वहिनी त्यांना झोपू देत नव्हती. तिने गालावर चापट्या मारल्या, शिव्या दिल्या, लहानपणी केलेल्या खोड्या विचारल्या. पाऊस सुरू झाला. तिने भाऊजींवर ओणवं होऊन स्वतःच्या पाठीवर पाऊस घेतला आणि बोलत राहिली. बोलायला काही उरलं नाही तेव्हा पाढे म्हणायला लावले.

उजेड मावळायच्या बेताला वरून हाक आली. दोर खाली पडले. दलाची माणसं सरसर उतरली, जखम आवळली, सुई टोचली, स्ट्रेचर बांधलं. त्यांच्या मागून, आयुष्यात कधी डोंगर न चढलेला घड्याळजी, चिखलाने माखलेला, धडपडत उतरला. भावाच्या छातीवर हात ठेवून तो श्वास लागतोय का ते बघत राहिला. लागत होता.

"वाचेल," दलाचा अधिकारी म्हणाला. "जखम कोणी दाबली? त्याने वाचवलंय याला." मग खाली टॉर्च मारून म्हणाला, "तो डबा तुमचाच ना? दोराने निघेल अजून. रात्रभर पावसात टिकायचा नाही तो."

सगळ्यांनी खाली पाहिलं. वर्षभराची मेहनत त्या झुडपात लटकत होती. खोऱ्यातली माणसं या वादळातही मुकीच राहणार होती, आणि ते कोणालाच नको होतं.

"त्याला जेवढा वेळ लागेल, तेवढा याच्याकडे नाहीये," घड्याळजी म्हणाला. "राहू द्या. पुन्हा बनवू."

स्ट्रेचर उचललं. त्याने मागचा एक दांडा धरला. उतारावर पाऊस, अंधार, निसरडी वाट, आणि तो ओक्साबोक्शी रडत होता.

"मला वाटलं तू किती छान करतेयस," तो म्हणाला. "मी खूश होत होतो गं. तू हाका मारत होतीस आणि मी खूश होत होतो."

तिच्याजवळ त्याच्यासाठी आज माफी नव्हती. उद्या असेल की नाही, तेही तिला ठाऊक नव्हतं. तिने त्याच्या हाताशेजारी दांड्याला आपला सोललेला हात लावला आणि निम्मा भार घेतला.

"रडायचं तर रडा," ती म्हणाली. "पण पाय बघून टाका."