सातव्या तुकड्यातली मेंढरं

मायाक्का कोळेकरांनी मेंढरांभोवतीची वाघूर, म्हणजे दोरीचं जाळं, गुंडाळून खांद्यावर टाकली आणि त्या उभ्या राहिल्या. मेंढरंही उभीच होती. एकशे चाळीस काळी डोकी, कान टवकारलेले. मग प्रत्येकीच्या गळपट्ट्यातून हलकी गुणगुण सुरू झाली आणि सगळा कळप एका दमात उजवीकडे वळला. त्यांना कोणी हाकारलं नव्हतं, काठीही उगारली नव्हती.

धुळोबाच्या माळावर गेली दोन वर्षं सकाळ अशीच व्हायची. बारा वर्षांपूर्वी इथे नुसता मुरूम होता. मग अंजन, हिवर आणि सौंदड या झाडांच्या रांगा लागल्या आणि रांगांमध्ये पवन्या गवत पेरलं गेलं. दोनशे एकरांचे चाळीस तुकडे पाडले. कळपाने एका तुकड्यात एकच दिवस चरायचं, मग त्या तुकड्याला एकोणचाळीस दिवस विसावा. मेंढरांनी वरचं गवत खाल्लं की खाली थोडी मुळं मरतात, त्यांची माती होते. शिवाय लेंडी-मूत पडतं ते वेगळंच. मायाक्कांनी ही माती काळी होताना पाहिली होती. पहिली दहा वर्षं कळप त्यांच्याच हाकेवर फिरला, आणि नंतर गळपट्टे आले.

त्या दिवशी मात्र कळप निघाला सातव्या तुकड्याकडे. तो चरून अकराच दिवस झाले होते.

मायाक्का झपाझप पुढे गेल्या आणि म्होरक्या मेंढीच्या आडव्या उभ्या राहिल्या. सातव्यातलं गवत पोटरीत आलं होतं, म्हणजे तुरा अजून देठाच्या आत होता. आठवड्याभरात तुरे बाहेर पडले असते, पाठोपाठ बी. आता तोंड लागलं तर वर्षभराचं बी बुडणार होतं. त्यांनी म्होरकीच्या गळ्यातला पट्टा काढला. ती गोंधळून थांबली, तसा मागचा कळपही थांबला. पट्टे गुणगुणतच राहिले.

माळाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत डॉ. निखत इनामदार राहायची. ती मृदाशास्त्रज्ञ होती आणि पट्टे चालवणारं यंत्र तिनेच बसवलं होतं. कळपाभोवती पुन्हा वाघूर लावून मायाक्का तिथे गेल्या आणि काढलेला पट्टा त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला.

"ताई, तुमचं यंत्र येडं झालंय. सातव्यात घालतंय मेंढरं."

निखतने पडद्यावर नजर टाकली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिने दोन्ही हिशेब तपासले, पावसाचा आणि गवताच्या उंचीचा. दोन्हीप्रमाणे आजचा तुकडा तेविसावा यायला हवा होता. मग तिने मातीकानांची नोंद उघडली आणि दोन वर्षं मागे जात ती ओळ न् ओळ वाचली.

मातीकान म्हणजे बोटाएवढी भाजक्या मातीची खुंटी. अशा चार हजार खुंट्या माळभर झाडांच्या बुडाशी पुरल्या होत्या. मुळांभोवती केसाहून बारीक बुरशीचे धागे असतात आणि ते झाडाला झाडाशी, झाडाला गवताशी जोडतात. त्या धाग्यांतून जाणारे विजेचे क्षीण ठोके मातीकान टिपायचे आणि यंत्राला पाठवायचे.

"मावशी, हे बघा," निखत म्हणाली. "सातव्यातल्या अंजनांच्या मुळाशी चार दिवस ठोके वाढतायत. आणि मागची दोन वर्षं बघितली तर दर वेळी असंच झालंय. आधी एखाद्या तुकड्यात ठोके वाढले, मग कळप तिथे गेला. मला वाटत होतं यंत्र माझं वेळापत्रक पाळतंय. त्याने ते केव्हाच सोडून दिलंय."

"मग आमची मेंढरं राखतंय कोण?"

निखतने खिडकीबाहेर पाहिलं. अंजनाच्या रांगा वाऱ्यावर हलत होत्या.

"झाडं," ती हळू आवाजात म्हणाली. "यंत्र फक्त त्यांचा निरोप पोचवतंय."

मायाक्का खाली बसल्या. दोन वर्षं रोज सकाळी आपण या झाडांच्या मागे चालत होतो, हे त्यांच्या मनात सावकाश उतरत गेलं. भीती वाटली नाही. थोरामोठ्यांसमोर उभं राहिल्यासारखं काहीतरी वाटलं.

"आणि या महिनाअखेर मला वरच्या कचेरीला अहवाल द्यायचाय," निखत म्हणाली. "आणखी चाळीस माळांवर हेच करणार आहेत. त्यांचा एकच प्रश्न आहे, मेंढपाळाशिवाय चालेल का. काल विचारलं असतं तर मी हो लिहिलं असतं. आजचं बघून तर नक्कीच. झाडांनाच कळतंय म्हटल्यावर..."

मायाक्कांनी ते ऐकून घेतलं. बारा वर्षं त्या इथे होत्या, आणि आता एका शब्दावर त्यांचं माळावरचं असणं ठरणार होतं. पण त्यांच्या डोक्यात सातव्या तुकड्यातलं गवत होतं.

"झाडांना पाहिजे काय पण?" त्यांनी विचारलं. "गवत तर ती खात न्हाईत."

"परतीचा पाऊस झाला नाही. मुळांना जोम कमी पडतोय. त्यांना लेंडी-मूत हवं असणार. नत्र."

"मग तसं म्हणा की. त्यांना मेंढरू पाहिजे, मेंढराचं तोंड नको." मायाक्का उठल्या. "तुमचे कान झाडाच्या बुडाशी पुरल्यात. गवताच्या पोटात बी हाय, हे त्यास्नी कोण सांगणार?"

निखतने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. खरंच होतं ते. गवताची मुळं इतकी बारीक की त्यांचे ठोके मातीकानांना कधी लागलेच नव्हते.

मायाक्कांनी सगळे पट्टे बंद करायला लावले. मग जुन्या हाकेवर, जिभेने टकटक करत, त्यांनी कळप तेविसाव्यात नेला. दुपारपर्यंत पोटं टम्म फुगू दिली, ओढ्यावर पाणी पाजलं. ऊन डोक्यावर आल्यावर कळप सातव्यात आणला आणि अंजनाच्या सावलीत रांगेने बसवला. खतासाठी शेतात मेंढरं बसवतात तशी. भरल्या पोटी मेंढरं रवंथ करत बसली. एखादीने मान लांबवलीच तर मायाक्का नुसती काठी आडवी धरत. उन्हं कलली तेव्हा सावलीची जमीन लेंड्यांनी काळी झाली होती आणि गवताच्या पोटऱ्या जागच्या जागी उभ्या होत्या.

असं त्यांनी तीन दिवस केलं, चरायला मात्र रोज नवा तुकडा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातव्यातले ठोके मंदावले.

दहाव्या दिवशी उजाडताच निखत मायाक्कांना बोलवायला आली. तिच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या. सातव्या तुकड्यात जाऊन तिने मुठीत माती उचलली आणि मायाक्कांच्या तळहातावर ठेवली. माती ओली होती. महिनाभर पाऊस नव्हता, दवही पडलं नव्हतं.

"अंजनाची मुळं खडकाच्या फटीतून खूप खोल जातात. खालचं पाणी वर ओढतात आणि त्यातलं थोडं वरच्या मातीत सोडतात," निखत सांगत होती. "असं होतं हे आम्हाला माहीत होतं. पण इतकं कधीच मोजलेलं नाही. आणि सगळ्यात जास्त कुठे, माहितेय? जिथे गवताला तुरे आलेत तिथे."

दोघी गुडघे टेकून बसल्या. कोवळ्या उन्हात पवन्याचे तुरे जांभळट चमकत होते आणि त्यांच्या बुडाशी माती श्वास घेतल्यासारखी वाफाळत होती. मायाक्कांनी हात पुसला नाही. पायांखाली काहीतरी प्रचंड मोठं जागं होतं, आणि त्याला आपलं म्हणणं कळलं होतं, असं त्यांना वाटलं.

महिनाअखेरीस निखतने अहवालात लिहिलं, 'मेंढपाळाशिवाय चालणार नाही.' खाली कारणांची सतरा पानं जोडली. चाळीसही माळांवर मेंढपाळ नेमायचे ठरले. पट्टे राहिले, पण ते चालू करायची कळ मायाक्कांच्या हाती आली. रोज सकाळी यंत्राने दिशा सांगायची आणि मायाक्कांनी ती पाहून कळ दाबायची, किंवा दाबायची नाही.

हिवाळा सरला. चैत्रात हिवराच्या शेंगा पिकून गळू लागल्या आणि मेंढरांनी त्या पोटभर खाल्ल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी यंत्राने नकाशाबाहेरची दिशा दाखवली. तिकडे हिवराची शेवटची रांग संपत होती, आणि पलीकडे ना मातीकान ना गवताची काडी. पुढच्या टेकडीपर्यंत नुसता उघडा मुरूम.

निखत धावत आली. "ठोके शेवटच्या रांगेतले आहेत. पण तिथे काही कमी नाही, मावशी. पाणी आहे, खत आहे. मग कशासाठी?"

मायाक्कांनी वाकून एक लेंडी उचलली आणि बोटांनी फोडली. आत हिवराचं बी होतं, अख्खं, तुकतुकीत. त्यांनी ते निखतच्या हातावर ठेवलं.

निखत बियाकडे पाहत राहिली, मग टेकडीकडे. टेकडीमागे दुसरी टेकडी होती, तिच्यामागे तिसरी, आणि सगळ्या उघड्या.

"कुठपर्यंत जायचं असेल त्यांना?" तिने विचारलं.

मायाक्कांनी कळ दाबली आणि मेंढरांच्या पुढे होऊन मुरमावर पाय ठेवला.