गायब झालेले जबाब

जबाबांचं फोल्डर रिकामं होतं.

मावशींनी ते बंद करून पुन्हा उघडलं. कॉम्प्युटरची कचरापेटी पाहिली. तीही साफ. इमारतीची लिफ्ट कोसळून वॉचमनच्या बायकोचा पाय मोडला होता. त्याबद्दल रहिवाशांनी जे सांगितलं, ते मावशींनी शब्द न् शब्द टाइप केलं होतं. उद्या त्यांच्या तक्रारीवर सुनावणी होती.

कोर्टात तीस वर्षं लघुलेखन केलेली बाई. रडत कसली बसते!

आदल्या संध्याकाळी त्या घरी एकट्याच होत्या. जुन्या, निळ्या ढालीच्या अँटीव्हायरसने ‘विकतचा घ्या’ म्हणून नुसता भंडावून सोडलं होतं. त्यांनी फुकटचे तीन ताडून पाहिले. एकाने कार्डाचा नंबर मागितला. दुसऱ्याने सोबत नको ती लचांडं आणली. तिसरा गुपचूप काम करणारा. पेन ड्राइव्ह लावला की आधी तपासायचा, मग पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं कासव दाखवायचा. ढाल काढून त्यांनी तोच ठेवला.

दुपारी भाची परगावाहून परतली, तोवर मावशींनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला आणि इमारतीच्या सेक्रेटरीला बोलावून घेतलं होतं.

“फुकट ते पौष्टिक!” दुरुस्तीवाला म्हणाला. “त्या निळ्या ढालीतून व्हायरस आरपार जातो. विकतचा घ्या म्हटलं, तर ऐकलं नाहीत.”

“तुम्ही इथे शेवटचे कधी आलात?” मावशींनी विचारलं.

“महिना झाला.”

“मावशी, मी नसताना ढाल बंद तर नाही ना केलीस?” भाचीच्या खांद्यावरची बॅग अजून उतरली नव्हती.

सेक्रेटरीने सुस्कारा सोडला. “वय झालं, मावशी. हे तुमचं काम नाही. असल्या कासवाच्या भरवशावर कोणी राहतं का? तक्रार मागे घ्या आणि सुटा.”

“तुम्ही आमच्याकडे कधी आला होतात?”

“मी? गेल्या वर्षी. गळका नळ बघायला.”

“आमची जादा किल्ली कुठे असते?”

“ऑफिसच्या कपाटात. सगळ्यांचीच असते.”

मावशी उठून दाराजवळ उभ्या राहिल्या.

“व्हायरस काही निवडून जबाबच खात नाही. भाचीचे फोटो जागेवर आहेत, माझी जुनी पत्रं जागेवर आहेत. म्हणजे हे माणसाचं काम. सकाळी दहा ते अकरा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. कुलूप शाबूत आहे. म्हणजे किल्लीने उघडलं.”

“किल्ली कोणीही घेईल!” सेक्रेटरी उसळला.

“घेईल ना. पण ही दोघं ढाल म्हणाली, कारण त्यांनी ढालच पाहिली होती. कासव मी काल संध्याकाळी आणलं. कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला ते कुठे दिसलं?”

“अंदाजाने म्हटलं.”

“कासवाचा अंदाज?” दुरुस्तीवाला खो खो हसला.

मावशींनी अँटीव्हायरसची नोंद उघडून दाखवली. दहा चाळीस. पेन ड्राइव्ह तपासला. “माझ्याकडे पेन ड्राइव्हच नाही. जबाब नुसते पुसायचे, तर तो लागतो कशाला? तुमच्याविरुद्ध कोण काय बोललं, ते तुम्हाला निवांत वाचायचं होतं. लिफ्ट तपासायला कोणी आलंच नव्हतं, तरी ‘तपासली’ म्हणून तुम्ही सही केलीत. ते आठ जणांनी सांगितलंय.”

सेक्रेटरीचा हात नकळत खिशाकडे गेला. भाचीने तो पाहिला.

“काढा,” ती म्हणाली.

पेन ड्राइव्ह टेबलावर आला. जबाब त्यात जसेच्या तसे होते.

“मावशी, आपण शेजारी आहोत,” त्याचा आवाज खाली आला. “लिफ्टवाला उद्या येतो, उद्या येतो म्हणत होता. मी सही करून टाकली. मला काय माहीत, ती बाई नेमकी…”

“थांबा.” मावशींनी चष्मा चढवला आणि कोरं पान उघडलं. “आता पहिल्यापासून सांगा. आणि त्या बाईचं नाव घेऊन सांगा.”