मधली डबी

दुकानात पैसे भरायची आणि माल परत घ्यायची खिडकी एकच, आणि तिच्यापुढे आठ माणसांची रांग. सातवी ती. छातीशी पांढरं खोकं घट्ट धरलेलं आणि चेहऱ्यावर असा काही निश्चय, की पुढच्या सहा जणांनी आपापल्या तक्रारी आपोआप आवरत्या घेतल्या. हे मला आठव्यानं सांगितलं, त्यामुळे थोडं कमी करून घ्या. पण फार नको.

आठव्याच्या हातात वायर ठोकायच्या क्लिपांची पुडी होती. दाराच्या घंटा, कॅमेरे, इंटरनेट असलं काहीबाही तो घरोघर बसवून द्यायचा.

“वायफायच्या डब्या ना? परत करताय?” त्यानं खोक्याकडे बघत विचारलं.

“परत करायला नाही आले. भांडायला आलेय.”

“कुणाशी?”

“खिडकीत जो असेल त्याच्याशी.”

“त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. गेल्या आठवड्यापर्यंत तो मिक्सर विकत होता.” त्यानं क्लिपांची पुडी खिशात टाकली. “माझ्याशी भांडा. मला थोडंफार कळतं.”

ती वळली. त्याच्या कानाच्या पाळीवर चुन्याचा एक ठिपका होता. कुणाच्या तरी भिंतीला भोक पाडून तसाच आला असावा. त्या ठिपक्याकडे बघता बघता तिचं भांडणाचं पहिलं वाक्यच निसटलं… मग दुसऱ्यापासून सुरुवात करावी लागली.

“पुस्तिकेत लिहिलंय तसं सगळं केलं. एक डबी खाली, मुख्य लाइनपाशी. एक माझ्या टेबलावर. एक मध्ये. तरी वरती चित्र अडकतं.”

“मधली कुठं ठेवलीत?”

“नेट जिथं मरतं तिथंच. माझ्या खोलीच्या दारात.”

“मग तिलाच काही मिळत नाही, ती पुढं काय देणार? पाण्याच्या बादल्या हातोहात देणारी रांग बघितलीय? मधला माणूस आगीत उभा करत नाहीत. दोन्हीकडचे हात पोचतील असा करतात. मेलेल्या जागी नाही, डबी धडधाकट जागी ठेवायची.”

तिनं खोक्याचं झाकण उगाचच दाबून बसवलं. हार मानायची सवय नसली की माणूस असं काहीतरी दाबत बसतो.

“घरी येऊन बघाल?”

“उद्या येतो.”

“आज,” ती म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली. तोही पडला. क्लिपांचे पैसे द्यायचे राहिले, तो विषय दुकानदार अजून काढतो.

घर म्हणजे उभी ठेवलेली काडेपेटी. तीन मजले, मजल्याला एक खोली, आणि मधून वळत जाणारा अरुंद जिना. त्या जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नसे. तळमजल्यावर वडिलांचं पंखे दुरुस्तीचं दुकान. एका वेळी बारा-बारा पंखे गरगरत असायचे. त्या वाऱ्यानं एकदा एक सडपातळ गिऱ्हाईक दाराबाहेर गेलं म्हणतात. मधल्या मजल्यावर आत्या. आणि वरच्या शांत, उजेडाच्या खोलीत ही.

ही दुभाषी होती. कर्णबधिर माणसं दवाखान्यात गेली, की डॉक्टरांसमोरच्या पडद्यावर ही दिसायची. डॉक्टर बोलायचे ते हातांनी सांगायची, पेशंटचे हात वाचून डॉक्टरांना बोलून दाखवायची. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या सुताराला “ही गोळी अर्धी घ्यायची” असं सांगताना चित्र “गोळी” वरच थिजलं. अर्धी राहिली इकडंच. तिनं त्याच्या सुनेला फोन करून निभावून नेलं, काही वाईट झालं नाही. पण दवाखान्यानं सांगितलं, येत्या शुक्रवारी तासाभराची परीक्षा. एकदा जरी चित्र अडकलं, तर काम दुसऱ्याला.

“त्यांचं बरोबरच आहे,” जिना चढता चढता ती म्हणाली. “माझे हात मध्येच थांबले, तर समोरचा अर्धंच ऐकून घरी जातो. शुक्रवारी ते थांबता कामा नयेत. बस.”

“सरळ वायर टाकली तर?”

“दोन टाकल्या. उंदरांनी खाल्ल्या. तिसरीची वाट बघतायत.”

त्यानं मधली डबी आत्यांच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. आता चाचणी. एकानं खाली बसायचं, एकानं वर, आणि मोबाइलवर एकमेकांकडे बघत हात हलवत राहायचं. त्याला खुणांची भाषा येत नव्हती, म्हणून तिनं एक वाक्य शिकवलं.

“हे असं करायचं. म्हणजे ‘चित्र स्वच्छ दिसतंय’.”

तो बिचारा खाली पंख्यांच्या वाऱ्यात केस सांभाळत पंधरा मिनिटं मन लावून तेच वाक्य सांगत होता. वर ती ओठ चावत होती. चित्र मात्र एकदाही अडकलं नाही.

दुसऱ्याच दिवशी अडकलं.

तो आला, तर खिडकीच्या कट्ट्यावर डबीच नाही. शोधाशोध केल्यावर ती आत्यांच्या लोखंडी कपाटात सापडली, शालीत गुंडाळलेली.

“रात्रभर डोळा मिचकावत होती माझ्याकडे,” आत्या म्हणाल्या. “या वयात मला ते बरं वाटेना.”

“आत्या, लोखंडातून नेट जात नाही.”

“मग कपाट हलव. मी हलणार नाही.”

कपाट हललं नाही. ते आधी आलं होतं आणि घर मागाहून त्याच्याभोवती बांधलं होतं, असं घरातले सांगत. डबी बाहेर काढली, पण खिडकीत आत्या ती ठेवू देईनात, आणि दुसरीकडे ठेवली तरी कपाट, लोखंडी पलंग आणि आरसा यांच्यातून वाट काढता काढता तिचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा. त्यानं ती दाराजवळ ठेवली, भिंतीला टेकवली, खुर्चीवर चढवली. पिवळाच.

मंगळवारी तो पुन्हा आला आणि दारातच हाताची घडी घालून उभा राहिला.

“माझं एक गिऱ्हाईक आहे. शिंपी. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून घंटेऐवजी दिवा बसवून दिलाय. काल त्यांना मोठ्या कौतुकानं तुमचं वाक्य करून दाखवलं.”

तिनं पटकन खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“इतके हसले, की तोंडातल्या टाचण्या गिळता गिळता राहिले. मग कागदावर लिहून दिलं. ‘मी मोठा बटाटा आहे.’”

“पण चित्र स्वच्छ होतं की नाही?”

“पंधरा मिनिटं?”

“तुम्ही फार मनापासून सांगत होता…” ती म्हणाली, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. आत्या आतून म्हणाल्या, “दुरुस्तीला आलाय की गमतीला?”

“अहो, तो मोबाइल द्या इकडं,” ती त्याला म्हणाली. “आज मी मोजते.”

“परवापर्यंत ‘ओ, डबीवाले’ होतं,” आत्यांचा आवाज आला. “‘अहो’ कधीपासून झालं?”

त्यावर दोघं एकदमच जिन्याकडे वळली. पायरीपायरीवर मोबाइल धरून नेट किती येतंय ते मोजणं चाललं. ती एक पायरी वर, तो एक खाली. कोपर कोपराला लागलं की दोघं एकदमच “सॉरी” म्हणायची आणि आकडा विसरायची… मग पुन्हा पहिल्या पायरीपासून. नवव्या फेरीला जागा सापडली. जिन्याच्या वळणावर, डोक्याच्याही वर हातभर. तिथून खाली दुकानाचं दार सरळ दिसत होतं आणि वर तिचं दार. पण तिथं ना फळी, ना कोनाडा. नुसती हवा आणि शेजारी जुन्या गिलाव्याची भिंत.

“डबी पकडायला भिंतीला क्लॅम्प बसवतो,” तो म्हणाला.

बसवला. बुधवारी सकाळी क्लॅम्प गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा घेऊन खाली आला. डबी खाली पायरीवर ठेवलेल्या आत्यांच्या उशीवर पडली म्हणून वाचली.

“आता?” तिनं विचारलं. आवाज अगदी स्थिर, पण हात ओढणीशी चाळा करत होते, आणि त्याला एव्हाना हात वाचता येऊ लागले होते.

“खड्डा भरून घेतो. उद्या संध्याकाळपर्यंत वाळेल. मग नवे स्क्रू. शुक्रवारी सकाळी तुम्ही बसाल तेव्हा डबी जागेवर असेल. नसली, तर मला नाव ठेवा.”

“नाव तर ठेवलंय. बटाटा.”

गुरुवारी अकरा वाजता तो भराव वाळलाय का ते बघायला आला. बोट लावलं, तर बोट आत गेलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दवाखान्यातून. परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरीणबाई उद्या गावाला चालल्या होत्या. आज जमेल का? दहा मिनिटांत?

“जमेल,” ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर त्याच्याकडे बघितलं. ‘नाही’ म्हणायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंही काही विचारलं नाही. डबी पायरीवर ठेवून बघितली, पिवळी. ट्रंकेवर ट्रंक रचून बघितली, पिवळी. मग खालून तीन पायांचं उंच स्टूल आणलं, डबीला विजेची वायर जोडली, स्टुलावर चढला आणि दोन्ही हात वर करून डबी त्या हवेतल्या जागी धरली. हिरवा.

“तुम्ही जा आत.”

“तासभर? असे?”

“तासात साठच मिनिटं असतात. जा.”

ती गेली. दार लागलं.

पहिली दहा मिनिटं काहीच वाटलं नाही. पंधराव्या मिनिटाला दंडात मुंग्या आल्या. विसाव्या मिनिटाला नाकावर माशी बसली आणि तिथंच संसार थाटून राहिली. वडील वर आले, बघितलं, खाली गेले आणि दुकानातले सगळे पंखे बंद केले. एवढी शांतता झाली, की शेजारी चौकशीला आले. आत्यांनी स्टुलाखाली गादी पसरली आणि पायरीवर बैठक मारली. माणूस पळून जाऊ शकत नाही अशी संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

“लग्न झालंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही.”

“का?”

“आत्या, हात थरथरतोय.”

“उत्तर हातानं कुठं द्यायचंय?”

“…जमलं नाही.”

“घरी कोण कोण?”

“आई. आणि एक बहीण, लग्न झालेली.”

“ही वरची कशी वाटते?”

डबी बोटभर खाली आली. दिवा लुकलुकला. त्यानं दात आवळून ती पुन्हा वर नेली.

“आत्या… हे एक तासानंतर विचारा.”

“म्हणजे बरी वाटते,” आत्या म्हणाल्या आणि समाधानानं चहा टाकायला उठल्या.

आत पडद्यावर एक पिकल्या केसांची बाई हातांनी आपल्या डोळ्यांची कहाणी सांगत होती. लांबलचक, फाटे फुटणारी, मध्येच जावयाची तक्रार घुसडणारी. दुभाषी ती शब्दाशब्दानं बोलून दाखवत होती. मग डॉक्टरीणबाईंनी औषध सांगितलं. डाव्या डोळ्यात दोन थेंब, उजव्यात नाही. तिनं हातांनी सांगितलं. त्या बाईनं तेच हातांनी परत करून दाखवलं. डावा, दोन. उजवा, नाही. एक बोटसुद्धा कुठं अडकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “सोमवारपासून, रोज दहा ते एक. चालेल?”

ती दार उघडून बाहेर आली, तेव्हा जिन्यात तो एकटाच होता. मान वर, डोळे हिरव्या दिव्यावर, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. हात त्याचे राहिले नव्हते. ते घराचे झाले होते, तुळईसारखे.

“दार का उघडलंत? आत जा. चित्र जाईल.”

“नाही जाणार.” ती वरच्या पायरीवर बसली. आता दोघांचे डोळे एका पातळीत आले. “किती वेळ धरणार आहात?”

“तुमचं काम संपेपर्यंत.”

“आज नाही संपलं तर?”

त्यानं खरोखरच विचार केला. “हात बदलीन.”

“दोन्ही तर लावलेत.”

“मग पुन्हा हेच लावीन.”

ती पुढं वाकली. ओढणीचं टोक घेऊन तिनं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. तो हलू शकत नव्हता, आणि हलला असता असंही नाही.

“आणि उद्या क्लॅम्प बसल्यावर?”

“तेच तर…” तो दिव्याकडे बघतच म्हणाला. “क्लॅम्प पक्का बसला, की मला इथं यायला काही कारण उरत नाही. शनिवारपासून शोधतोय. घंटा तुमची चांगली आहे. कॅमेरा तुम्हाला नको. मला दुसरं काही सुचत नाही. मला तुम्ही आवडता, एवढंच सुचतं. पण ते काही दुरुस्तीत बसत नाही.”

“तू ये,” ती म्हणाली. “कारण कशाला लागतं?”

त्या ‘तू’ पाशी त्याची नजर दिव्यावरून पहिल्यांदा खाली आली.

“परीक्षा दहा मिनिटांपूर्वीच संपली,” ती म्हणाली. “काम मिळालं. सोमवारपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“दारामागं उभी होते. तू अजून धरून उभा आहेस हे बघत होते… बरं वाटत होतं.”

त्यानं हात खाली घ्यायला बघितलं. हात येईनात. शेवटी तीच स्टुलावर चढली. एका माणसाचं स्टूल, त्यावर दोन माणसं. तिनं त्याच्या बोटांतून डबी एकेक बोट सोडवत काढून घेतली. तसे त्याचे ते तुळईसारखे हात हळूहळू खाली आले आणि जाण्यासारखी दुसरी जागाच नसल्यामुळे तिच्या खांद्यांवर विसावले.

“मुद्दाम नाही,” तो घाईघाईनं म्हणाला. “मला खरंच हलवता येत नाहीयेत.”

“माहितीय. राहू दे.”

खालून कपबशांचा आवाज आला आणि पाठोपाठ आत्यांचा. “पोरी, संपलं का काम?”

“नाही, आत्या,” ती वरून म्हणाली. “अजून बराच वेळ आहे.”