तेविसावं पत्र

कप त्या टेबलावर बिनधास्त ठेवा. ते आता हलत नाही. चार दिवसांपूर्वी आला असतात तर चहा तुमच्या मांडीवर सांडला असता.

अडतीस वर्षं मी याच टेबलामागे बसलो. टपाल खात्यात, न पोचलेल्या पत्रांच्या विभागात. पत्ता चुकलेली, पुसलेली पत्रं आमच्याकडे येत. ती उघडून, वाचून, ज्याची त्याला पोचवायची हे आमचं काम. लोकांची पत्रं चोरून वाचली तर गुन्हा, दहा ते पाच वाचली तर सेवा. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी ऑफिसातलं जुनं लाकूडसामान टाकायला काढलं, तेव्हा तिथल्या शिपायानं निरोप धाडला, "साहेब, तुमचं टेबल हवं असेल तर आजच या." निवृत्त माणसाला कोणीही, कशालाही बोलावलं तरी तो जातो. मी गेलो.

टेबल उचललं आणि शिपाई वाकला. "साहेब, पायाखालची तुमची घडी राहिली की!"

घडी माझीच. नोकरीच्या पहिल्या दिवशी टेबल डुगडुगत होतं, म्हणून जमिनीवरचा हाताला लागला तो कागद चार पदरी घडी घालून पायाखाली सरकवला होता. उलगडून बघतो तर बंद पाकीट. लष्करी टपालाचं. पाण्यानं पत्ता धुऊन गेलेला; कोपऱ्यातला आकडा तेवढा शाबूत. २३.

मी शिपायाच्या स्टुलावर बसलो. या तेविसासाठीच तर मी त्या विभागात नोकरी धरली होती.

माझी थोरली बहीण, ताई. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच भाऊजी लढाईवर गेले. आघाडीवरचं टपाल मागचं पुढे, पुढचं मागे असं येई. म्हणून दोघं पत्रांना क्रमांक घालत. बावीस आलं, मग चोवीस. तेवीस आलंच नाही. चोवीसमध्ये भाऊजींनी लिहिलं होतं, 'तेविसात विचारलंय त्याचं उत्तर ताबडतोब धाड. हो किंवा नाही. तुझं ते नेहमीचं 'बघू' नको.'

ताईनं त्याच दिवशी उत्तर टाकलं : हो.

"अगं, काय विचारलंय ते तरी कळू दे!" मी म्हटलं.

"त्यांनी विचारलंय ना? मग हो. तू तुझा अभ्यास कर."

सत्ताविसाव्या पत्रात भाऊजींनी कळवलं, 'तुझा होकार मिळाला. मी तंबूत नाचलो. स्वयंपाक्याला वाटलं, पायात काटा गेला.' एकतिसाव्यानंतर तार आली. बेपत्ता.

ताईनं दुसरं लग्न केलं नाही, आणि रडकी म्हातारीही झाली नाही. शिवणाचे वर्ग चालवले, शेजाऱ्यांची भांडणं मिटवली, माझी टर उडवली. वर्षातून एकदा मात्र ती एकतीस वजा एक पत्रं काढून बसायची. "ठोंब्या, आपण कशाला हो म्हटलंय, एवढं कळलं की मी मोकळी. तुमच्या त्या खात्यात कुठे पडलंय का बघ ना नीट!"

अडतीस वर्षं मी नीट बघत होतो. फक्त खाली बघितलं नाही.

घरी येऊन मी सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता ही मला उभा जाळणार. ती एवढी हसली, एवढी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "म्हणजे त्यांनी आयुष्यभर तुझं टेबल सावरलं म्हण की! फोड आता."

पत्र लहान होतं. मीच वाचलं.

'इथून कोण कसा परत येईल याचा नेम नाही. मी कसाही आलो, कधीही आलो, तरी दार उघडशील? आणि चल म्हटलं तर तासभर चपला न शोधता निघशील?'

ताईनं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घालून पुडक्यात ठेवलं. मग उठली, दाराची कडी काढली आणि ठेवणीतले कपडे इस्त्रीला काढले.

"ताई... वेड लागलंय का तुला?"

"शब्द दिलाय मी. आणि ते विचारल्याशिवाय आत यायचे नाहीत, संकोची आहेत."

तीन दिवस दार नुसतं लोटलेलं. ताई गुणगुणत घर आवरत होती. चाळीस वर्षांनी लहान झाल्यासारखी. चौथ्या दिवशी दुपारी साडेचारला मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. ऊन लख्ख. समोरच्या शिंप्याचं मशीन चालू. आणि एकदम ओल्या लोकरीचा वास आला... त्यात दाढीच्या साबणाचा. दारावर दोन टकटकी. जरा थांबून तिसरी.

भाऊजी तशीच वाजवायचे.

"उघडंच आहे," ताई म्हणाली.

दार करकरलं. मग तिचा आवाज, अगदी हळू... "अगं बाई. तुम्ही तर होता तसेच... आणि मी ही अशी..."

कोणीतरी हसलं. पुरुषाचं हसणं, तरुण, मनापासून. त्यात ताईचं मिसळलं. माझ्या हातात तीन कप होते. तिसरा कधी काढला, आठवत नाही. तिन्हींत चहा ओतला.

बाहेर आलो तेव्हा खोली रिकामी होती. पत्रांचं पुडकं नव्हतं. चपला दाराशी, जागच्या जागी.

शिंपी दिवसभर आमच्या दाराकडे तोंड करून बसतो. तो म्हणाला, "आत कोणी आलं नाही, बाहेर कोणी गेलं नाही. हसणं ऐकलं बुवा. मला वाटलं, रेडिओ."

चौकीत अर्ज भरायला लावला. कुठे गेली? मी लिहिलं, नवऱ्याकडे. नवऱ्याचा पत्ता? तो रकाना मी मोकळा सोडला. माझ्या सबंध नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

आणि परवा हे आलं. बघा. शिक्का नाही, तिकीट नाही. अक्षर ताईचं, वेलांट्या बघा, शिवणातल्या टाक्यांसारख्या. कोपऱ्यात आकडा, २. आत एकच ओळ : 'ठोंब्या, पहिल्या पत्रात विचारलंय त्याचं उत्तर ताबडतोब धाड. आम्ही दोघं वाट बघतोय. आणि 'बघू' नको.'

पहिलं पत्र मला मिळालेलं नाही. पण पाकीट फोडून मी चहाचा कप टेबलावर ठेवला, तर टेबल हललं नाही. ऑफिसातून आणल्यापासून एकसारखं डुगडुगत होतं. वाकून बघितलं. डाव्या पायाखाली कागदाची घडी आहे. चार पदरी.

मी ती काढलेली नाही. न वाचता कुठल्याही कागदावर सही न करणारा माणूस मी. पण काल सकाळी उत्तर टाकून आलो. एकच शब्द. येताना पोस्टातून घरापर्यंत शीळ घालत आलो, शिंप्याला विचारा.

चहा घ्या, निवतोय. आणि जाताना दार नुसतं लोटून घ्या.