खुंटीवरचा कोट

शेजारचे ड्रायक्लीनिंगचे दुकान बंद पडून वर्षे झाली, तरी तिथले औषध जमिनीत मुरलेले होते. त्याची वाफ मास्तरांच्या घरात शिरते का, एवढेच पाहायला तो सरकारी तपासनीस आला होता. दार मास्तरांच्या मुलीने उघडले... आणि तोंडपाठ नियमावली त्याला आठवेना.

“उद्या हवेचा नमुना घेणारे डबे लावायचेत,” तो तिच्या पायांकडे पाहत म्हणाला. “त्याआधी रंग, अत्तर, नेलपॉलिश... वासाचं सगळं घराबाहेर.”

“पायसुद्धा बाहेर ठेवू का?”

त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तो आपला एकुलता एक कोट घालून आला. फरशीला बारीक भोक पाडून एक डबा जमिनीखालच्या हवेला जोडला, दुसरा दिवाणखान्यात ठेवला.

“घामाघूम झालात. कोट द्या इकडे,” म्हणत तिने तो खुंटीला टांगला. निघताना तो कोट विसरला. खरे तर अर्धवटच विसरला.

चार दिवसांनी अहवाल त्याच्या हाती आला. घरातली हवा मर्यादेच्या वीसपट विषारी! साहेबांनी काढलेली घर रिकामे करण्याची नोटीस आदल्या दिवशीच तिथे पोहोचली होती, आणि मास्तर आणखी एक ट्रंक आणायला गेले होते. तो सुन्न झाला. मग त्याने दुसरी ओळ वाचली : फरशीखाली जवळजवळ काहीच नाही. मग वाफ आली कुठून?

तो धावतच तिच्या घरी गेला. पुस्तकांनी भरलेल्या ट्रंकेशेजारी ती उभी होती. त्याची नजर खुंटीवर गेली. कोटाच्या बटणाला बाजारातल्या धुलाईच्या दुकानाची कागदी चिठ्ठी अजून लटकत होती.

त्याने चिठ्ठी उलटून तारीख पाहिली.

“कोट... ड्रायक्लीन केला होता,” तो म्हणाला. “डबे लावायच्या आदल्या दिवशी. त्यातही तेच औषध असतं. वाफ याचीच.”

तिने कोटाचा वास घेतला.

“माझं नेलपॉलिश शेजारी पाठवलंत, आणि स्वतः हे घालून आलात? बाबांच्या डोळ्याला डोळा नाही हो.” तिचा आवाज चिरकला. “कशासाठी?”

“दार तुम्ही उघडणार होतात... म्हणून.”

ती मटकन ट्रंकेवर बसली.

“साहेबांना आजच लिहून देतो, चूक माझी आहे. पुन्हा तपासणी होईल. मला काढतील कदाचित. दुसरा कोणी येईल.”

तिने उठून कोट अंगणातल्या दोरीवर नेऊन टाकला आणि परत उंबऱ्यात येऊन थांबली.

“दुसरा आला तर दार बाबा उघडतील,” ती म्हणाली. “तुम्ही मात्र या, नोकरी असो वा नसो. घरच्या साबणानं धुतलेला सदरा घालून.”

मग तिने ट्रंकेतले पहिले पुस्तक काढले आणि कपाटात लावायला त्याच्या हातात दिले.